मातीच्या टेनिस कोर्टावरची बॅच: दीड वर्षाचा अनुभव आणि कुठल्या पोराला काय जमतं ते

बरेच जण भेटले की विचारतात, पोरांना टेनिसला कुठं घातलंय, मातीच्या कोर्टावर घालून काही उपयोग आहे का, आमचा बारका आहे त्याला जमेल का, म्हणून म्हणलं एकदाच सगळं नीट लिहून काढावं. माझी मुलगी आता १२ वर्षांची आहे, भाचा १३ चा, दोघं एकाच ठिकाणी जातात, दीड वर्ष झालं. जुळे सोलापूरच्या पुढं, दोनच कोर्टं, दोन्ही मातीची, एका बाजूला कडुलिंबाची झाडं आणि पत्र्याची शेड, तिथं आम्ही आया-बाबा बसतो. नाव लिहीत नाहीये कारण सरांनी स्वतःच सांगितलंय की दोन कोर्टांवर आणखी गर्दी परवडणार नाही, पण त्या बाजूला राहणाऱ्यांना बरोबर कळेल. माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते पुढं येईल.

मला इथली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे सगळ्या पोरांना एकाच साच्यात कोंबत नाहीत. आधी वर्षभर मुलगी दुसऱ्या एका क्लासला होती, हार्ड कोर्ट म्हणजे सिमेंटसारखं कडक, चकाचक रंगवलेलं, बघूनच मी पैसे भरले होते. तिथं १४ पोरं रांगेत उभी, बॉलची एक बास्केट, प्रत्येकानं सहा फोरहँड मारायचे आणि रांगेत मागं जायचं, आणि सगळ्यांना एकच सांगणं, जोरात मार. माझ्या पोरीच्या हातात तेवढा जोर नव्हता, बॉल नेटमध्ये जायचा, मग आणखी जोरात, मग बॉल कोर्टाभोवतीच्या जाळीच्या बाहेर. घरी येऊन काही बोलायची नाही, एक दिवस रॅकेटची बॅग पलंगाखाली सारली आणि म्हणाली मला पोटात दुखतंय. आई म्हणून तेव्हा फार वाईट वाटलं होतं आणि मी तिलाच बोलत होते की तू मन लावून खेळत नाहीस.

इथं आल्यावर सरांनी पहिले तीन दिवस तिला काहीच शिकवलं नाही. नुसती रॅली (बॉल इकडून तिकडं चालू ठेवायचा) खेळायला लावली, कधी लहान पोराबरोबर कधी मोठ्या, आणि स्वतः बाजूला उभं राहून बघत होते. चौथ्या दिवशी मला म्हणाले, "ताई, हिचा बॉल परत येतो. कसाही मारा, कुठंही मारा, परत येतो. ही मातीवरची मुलगी आहे." मला तेव्हा नीट कळलं नाही पण पोरीला कळलं असावं, कारण त्या दिवशी गाडीवर मागं बसून घर येईपर्यंत बोलत होती.

आता माती म्हणजे काय ते सांगते, कारण मलाही माहीत नव्हतं. फ्रेंच ओपनला टीव्हीवर जी लाल माती दिसते ती खरं तर विटांची भुकटी असते, तीही वर एक-दोन मिलिमीटरचा थर, खाली चुनखडीचा चुरा दाबून बसवलेला. आपल्याकडचं कोर्ट तसं नाही, इथं मुरूम आणि माती चाळून पसरतात, पाणी मारतात, रोलर फिरवतात, रंग तांबूस, रेषा चुन्याच्या. पण बॉलशी वागणं तेच. बॉल पडला की माती त्याला धरते, पुढं जायचा वेग कमी होतो आणि बॉल वर उसळतो, त्यात टॉपस्पिन (बॉल पुढच्या बाजूला गरगर फिरवून मारलेला) असेल तर आणखीच. त्यामुळं हार्ड कोर्टवर जो फटका सरळ निघून गेला असता तो इथं समोरच्याला पोचायला वेळ देतो, आणि एका फटक्यात पॉइंट संपवायचा म्हणलं तर संपत नाही. सर पोरांना म्हणतात, सोलापूरची पोरं तुम्ही, चादर विणतात तसा पॉइंट विणायचा, एका धाग्यात चादर होते का. बॅचमधल्या दोन-तीन पोरांच्या घरी यंत्रमाग आहेत, त्यांना हे लगेच कळतं.

माझ्या पोरीचा खेळ यालाच धरून आहे. ती बेसलाइनच्या (कोर्टाच्या मागच्या रेषेच्या) मागं उभी राहते, उंच फिरवून मारते, घाई करत नाही, समोरचा चुकेपर्यंत थांबते. आता हे ऐकायला सोपं वाटतं पण मातीवर यातच एक मोठी अडचण आहे जी मला इथंच पहिल्यांदा कळली. पोरगी साडेचार फुटांची, आणि मोठ्या पोरांचा टॉपस्पिन मारलेला बॉल उसळून तिच्या कानापर्यंत येतो. मग दोनच रस्ते, एक तर मागं सरकून बॉल खाली येऊ द्यायचा, नाहीतर पुढं जाऊन तो चढायच्या आत उचलायचा. सरांनी दोन्ही करायला लावलं, महिनाभर. पोरीला मागं सरकणं जमलं, पुढं जाऊन उचलताना वेळ चुकत होती. पण मागं सरकत सरकत ती पार जाळीला जाऊन चिकटायची आणि कोणी समोर ड्रॉप शॉट (नेटपाशी अलगद पडणारा बॉल) टाकला की संपलं. मग नियम ठरला, मागं जाऊन मारायला हरकत नाही पण मारला की लगेच दोन पावलं आत. सरांनी बेसलाइनच्या मागं चार पावलांवर चुन्यानं एक आडवी रेघ ओढली, त्याच्या मागं गेलीस तर पॉइंट समोरच्याला. दोन आठवडे रोज रेघेमागं जाऊन पॉइंट हरत होती, नंतर पाय आपोआप थांबायला लागले.

दुसरी गोष्ट ग्रिपची, ही प्रत्येक आईबापानं ऐकावी. उंच बॉल मारायचा म्हणून लहान पोरांचा हात हळूहळू दांड्यावर फिरत त्याच्या खालच्या बाजूला जातो, त्याला वेस्टर्न ग्रिप म्हणतात, मातीवर तेवढ्यापुरतं बरं चालतं पण पुढं हार्ड कोर्टवर खाली राहणारा बॉल आला की त्या ग्रिपनं उचलता येत नाही आणि मग सवय मोडायला वर्ष जातं. इथं सर दर शनिवारी प्रत्येक पोराचा हात बघतात, अगदी रॅकेट हातात धरायला लावून, बोट लावून बघतात. आणि म्हणूनच लहान पोरांना पिवळा बॉल देत नाहीत. आंतरराष्ट्रीय टेनिस फेडरेशनचे (आयटीएफ) तीन रंगाचे बॉल आहेत, लाल साधारण ७५ टक्के हळू, केशरी ५० टक्के, हिरवा २५ टक्के, लाल बॉलला ११ मीटरचं छोटं कोर्ट, केशरीला १८ मीटरचं, हिरवा पूर्ण २३.७७ मीटरच्या कोर्टावर. २०१२ पासून १० वर्षांखालच्या स्पर्धांत नेहमीचा पिवळा बॉल चालतच नाही असा नियम आहे. तरी कित्येक पालक येऊन सरांशी भांडतात की आमच्या पोराला खरा बॉल द्या. अहो, त्या आठ वर्षांच्या पोराच्या डोक्यावरून बॉल चाललाय, तो काय शिकणार, मान वर करून बघायला? बॉल कमरेला आला तरच फटका नीट बसतो. मातीवर तर हे हार्ड कोर्टपेक्षा जास्त महत्त्वाचं आहे कारण उसळीच जास्त.

बारक्या पोरांच्या पालकांनी काळजी करू नये असं मला मनापासून वाटतं. अर्जेंटिनाचा श्वार्ट्झमन फक्त १७० सेंटिमीटर उंचीचा, २०२० ला फ्रेंच ओपनच्या सेमीफायनलपर्यंत गेला. अमेरिकेचा मायकेल चँग १९८९ ला १७ वर्षांचा असताना तीच स्पर्धा जिंकला, चौथ्या फेरीत तेव्हाच्या पहिल्या नंबरच्या लेंडलसमोर पायात गोळे आलेले, तरी सोडलं नाही, एक सर्व्ह तर खालून हातानं टाकला. सरांनी पावसाच्या एका दिवशी शेडमध्ये बसवून मोबाईलवर पोरांना तो पॉइंट दाखवला, माझ्या पोरीनं नंतर घरी दहा वेळा बघितला असेल. बेल्जियमची हेननसुद्धा उंचीनं फार नव्हती, एका हाताचा बॅकहँड, आणि चार वेळा फ्रेंच ओपन.

आता भाच्याचं. तो पूर्ण उलटा. सपाट मारतो, जोरात मारतो, बॉल नेटच्या वरून दोन बोटं जातो आणि लागला तर समोरच्याची रॅकेट हलत नाही. हार्ड कोर्टवर त्याच्या वयाची सगळी पोरं त्यानं हरवलेली. इथं आला आणि पहिले दोन महिने माझ्या पोरीकडून हरत होता, रोज. तो मारायचा, बॉल परत यायचा, आणखी जोरात मारायचा, तरी परत यायचा, मग बाहेर. एकदा रॅकेट आपटली, सरांनी काही न बोलता त्याला रोलरवाल्या मामांकडं पाठवलं, अर्धा तास कोर्ट झाडायला. त्याच्या आईनं तर ठरवलं होतं की याला काढून घ्यायचं, माती त्याच्यासाठी नाही.

सर तिला जे म्हणाले ते मला अजून आठवतं, की याचा फटका मी काढून घेणार नाही, तो कधी मारायचा तेवढंच शिकवणार. आणि खरंच, इथं मला वाटलं होतं की त्याला पण पोरीसारखं उंच-उंच खेळायला लावतील, नाही लावलं. नेटच्या दोन्ही खांबांना दोन बांबू बांधले आणि नेटच्या वर साधारण तीन फुटांवर नायलॉनची दोरी ताणली, आपली कपडे वाळत घालायची असते तीच. पहिले तीन बॉल दोरीच्या वरून, तिरके, क्रॉसकोर्ट. चौथा तुझा, कसाही मार. क्रॉसकोर्ट का ते पण समजावलं, नेट मध्यभागी ९१.४ सेंटिमीटर असतं आणि खांबापाशी १०७, म्हणजे तिरक्या फटक्याला नेट खाली मिळतं, आणि सिंगल्सचं कोर्ट सरळ २३.७७ मीटर पण कोपऱ्यातून कोपऱ्यात २५ मीटरच्या वर, म्हणजे सव्वा-दीड मीटर जास्त जागा. भाच्याला गणित आवडतं, त्याला हे पटलं. तो मोठ्यानं मोजत खेळायचा, एक, दोन, तीन, आणि चौथ्याला त्याचे डोळे बघावेत. तीन उंच बॉलमध्ये समोरचा मागं ढकलला जातो, त्याचा पुढचा बॉल आखूड पडतो, आणि तो आखूड बॉल म्हणजे भाच्याचं जेवणाचं ताट. आता तो माझ्या पोरीला दहातल्या सहा वेळा हरवतो, आणि ती पण चिडून आखूड बॉल टाकायचा बंद झाली, म्हणजे दोघांनी एकमेकांना शिकवलं.

म्हणून कोणी म्हणलं की जोरात मारणाऱ्या पोराला माती नको, तर मला ते पटत नाही. माती त्याला थांबायला लावते आणि त्याला नेमकं तेच हवं असतं.

यात सोलापूरची म्हणून एक गोष्ट आहे जी मला कुठं वाचायला मिळाली नाही, बेंचवर बसून बसून कळली. सकाळचं कोर्ट आणि संध्याकाळचं कोर्ट ही दोन वेगळी कोर्टं आहेत. सकाळी साडेपाचला मामा पाइपनं पाणी मारतात, सहाच्या बॅचला माती ओलसर, जड, बॉलला माती चिकटते, बॉल फुगल्यासारखा होतो, हळू येतो, फार उसळत नाही. तेव्हा रॅली लांबतात, माझ्या पोरीचं राज्य. संध्याकाळी पाचला, त्यातून मार्च ते मे म्हणजे दिवसभर ४० च्या आसपास ऊन खाल्लेलं कोर्ट, वरची माती भुरभुरीत, बॉल हलका, सुसाट येतो आणि उंच उडतो, तेव्हा भाचा आणि त्याच्यासारखे मारणारे जिंकतात. फ्रेंच ओपनमध्येही हेच होतं, उन्हाच्या दिवशी कोर्ट फास्ट आणि २०२० ला स्पर्धा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये थंडीत झाली तेव्हा सगळे बॉल जड झाले म्हणत होते. सरांनी हे कळल्यावर (म्हणजे त्यांना आधीच माहीत होतं, मला नंतर कळलं) दोघांना महिन्यातून दोन आठवडे उलट्या बॅचला टाकायला सुरुवात केली, पोरगी संध्याकाळी, भाचा सकाळी. पोरगी पहिल्या दिवशी रडली होती. पण आता संध्याकाळच्या कोर्टावर ती चार पावलांऐवजी दोनच पावलं मागं उभी राहते, कोणी न सांगता.

आणि पाणी. आपल्याकडं नळाच्या पाण्याचा भरवसा नाही, कोर्टाला बोअर आहे पण एप्रिलनंतर बोअर पण दम टाकतं. ज्या दिवशी पाणी नाही त्या दिवशी कोर्टावर नुसती धूळ, पोरं खोकत येतात, रुमाल बांधून खेळतात. टँकर मागवतात कधी कधी, नेहमी नाही. मातीचं कोर्ट पाण्यावर जगतं हे मान्य, सरांचा दोष नाही, पण ज्यांच्या पोरांना दम्याचा त्रास आहे त्यांनी उन्हाळ्याच्या बॅचचा विचार करूनच पैसे भरा, मी तर डॉक्टरांना विचारा असंच म्हणेन.

बॅचमध्ये एक उंच पोरगा आहे, १४ चा असेल, पाच फूट दहा इंच, हात लांब, नेटवर जायची हौस. त्याच्या वडिलांनी कुठंतरी ऐकलं की मातीवर नेटवर जायचं नसतं, सॅम्प्रसनं विम्बल्डन ७ वेळा जिंकलं पण फ्रेंच ओपन एकदाही नाही, म्हणून याला मागंच खेळू द्या. ते खरंच आहे, सॅम्प्रस सेमीफायनलच्या पुढं गेला नाही. पण १९८३ ला यानिक नोआनं नेटवर जाऊन-जाऊनच फ्रेंच ओपन जिंकली, आणि आपले पेस-भूपती १९९९ ला तिथंच डबल्स जिंकले, डबल्स तर नेटवरच चालतं. सरांनी पोराचं नेट बंद केलं नाही, फक्त रस्ता बदलला. सर्व्ह मारून सरळ धावत सुटला की मातीवर दोन अडचणी, एक तर समोरच्याला पास मारायला (बाजूनं बॉल काढायला) वेळ मिळतो आणि दुसरं म्हणजे पहिलं पाऊल घसरतं. म्हणून आधी सर्व्ह बाहेरच्या बाजूला, समोरच्याला कोर्टाबाहेर ओढायचं, परत आलेला बॉल खोल टाकायचा, मग जायचं. अजून तो बऱ्याचदा पास होतो, रविवारच्या मॅचमध्ये निम्मे पॉइंट तसेच जातात. पण मी बघते ना, सहा महिन्यांपूर्वी तो नेटवर जाऊन उभा राहायचा, आता जाता जाता थांबतो, समोरच्याच्या रॅकेटकडं बघतो, मग झेपावतो. किक सर्व्ह (पडल्यावर उंच उसळणारा) मात्र सर लहान पोरांना शिकवत नाहीत, पाठ वाकवावी लागते म्हणून, थोडं वय वाढू दे म्हणतात. मला त्यांचं ते पटतं.

एक दहा वर्षांची मुलगी आहे, घरी तेलुगू बोलतात, शब्द कमी पण हात असा की काय सांगू. स्लाइस मारते, म्हणजे बॉल कापल्यासारखा, तो मातीवर पडून तिथंच बसतो. ड्रॉप शॉट टाकते तर मोठी पोरं मागून धावत येतात आणि पोचत नाहीत, कारण मातीवर समोरचा मुळात मागं उभा असतो आणि सुटायला वेळ लागतो. स्पेनचा अल्काराझ करतो तेच. अॅश बार्टी २०१९ ला फ्रेंच ओपन जिंकली ती पण स्लाइस बॅकहँड घेऊनच. आमच्या जुन्या क्लासला या मुलीला नक्की सांगितलं असतं की हे काय चमच्यानं वाढल्यासारखं खेळतेस.

उलट एक गोष्ट सगळ्यांना बंद आहे, नदालची नक्कल. प्रत्येक पोराला डोक्यावरून रॅकेट फिरवायची असते. तो माणूस १४ वेळा फ्रेंच ओपन जिंकला, तिथं खेळलेल्या ११६ मॅचपैकी ११२ जिंकल्या, त्याच्यासारखे पाय आधी आणा मग हात फिरवा असं सर म्हणतात, आणि पायाचं काम इथं खरंच जीव ओतून घेतात.

पायांचं सांगते कारण ते मला सगळ्यात सुंदर दिसतं. मातीवर घसरत जायचं असतं, स्लाइड. नवीन पोरं बॉल मारून मग घसरतात, म्हणजे तोल गेल्यावर. खरं घसरणं बॉल मारायच्या आधी सुरू होतं आणि मारताना संपतं, म्हणजे थांबलात तेव्हा तुम्ही परत फिरायला मोकळे. सर आधी रॅकेटशिवाय शिकवतात, तीन पावलं पळ, गुडघा वाकव, पुढचा पाय सरळ, अंग खाली, सोड. पोरीला जमेना, घाबरायची, दोनदा गुडघा फुटला. मग एका सकाळी, ओलं कोर्ट, बॉल उजवीकडं लांब गेला, ती पळाली आणि मी खुर्चीतून बघतेय तर एक लांब चर्रर्र आवाज आला, ती घसरत घसरत बॉलपाशी पोचली, मारला, आणि उभी राहिली. मातीवर दीड हात लांब पट्टा उमटला होता. बॉल कुठं गेला कोणीच बघितलं नाही. तिनं मागं वळून तो पट्टाच बघितला, मग माझ्याकडं. मामा पलीकडून ओरडले, "लई भारी गं पोरी!" आणि त्या दिवशी झाडताना तेवढा पट्टा त्यांनी सगळ्यात शेवटी पुसला.

मामांचं वेगळं लिहायला पाहिजे. कोर्ट तेच सांभाळतात, पहाटे पाच वाजल्यापासून. बॅच संपली की प्रत्येक पोरानं माती सारखी करायची जाळी ओढून आपलं अर्धं कोर्ट सारखं करायचं आणि रेषा ब्रशनं साफ करायच्या, हा नियम. कोणी सटकायला लागला की आवाज येतो, "काय बे, रेघ कोण पुसणार, तुझा सासरा?" बॉल आत की बाहेर यावर भांडण झालं तर मातीवर ठसा असतो, पोरं स्वतः जाऊन ठशाभोवती रॅकेटनं गोल काढतात. फ्रेंच ओपनला अंपायर खुर्चीवरून उतरून येतात तेच. माझ्या भाच्यानं एकदा स्वतःच्या विरुद्ध ठसा दाखवला, बाहेर होता म्हणाला, मॅच पॉइंटला. ही पण मातीचीच देणगी, खोटं बोलायला जागाच ठेवत नाही.

सामानाचं थोडक्यात. बूट माशाच्या काट्यासारखी नक्षी असलेल्या तळव्याचे घ्या, साध्या रनिंगच्या बुटात घसरणं हाताबाहेर जातं. सोलापुरात साइज मिळेलच असं नाही, आम्ही एक जोड ऑनलाइन आणि एक पुण्याहून आणला. स्ट्रिंगमध्ये मातीचे कण अडकतात आणि तारा लवकर झिजतात, म्हणून दुकानदार पॉलिएस्टर गळ्यात मारतात, टिकतं म्हणून. लहान पोरांच्या कोपराला ते फार कडक पडतं, आमच्या सरांनी सरळ नाही म्हणून सांगितलं, साधी नायलॉनची तार (सिंथेटिक गट म्हणतात ती) घाला, तुटली तर तुटली. मोजे पांढरे घेऊ नका, ते परत कधी पांढरे होत नाहीत, मी दोन महिने ब्लीच करून बघितलं.

फी महिना २,२००, तीन महिन्यांची एकदम भरली तर ६,०००. आठवड्यातून पाच दिवस, दीड तास, रविवारी मॅच.

आता तो अर्धा मार्क. एक, लाइट. दुसऱ्या कोर्टाचा मागचा कोपरा संध्याकाळी सहानंतर अंधारात जातो, हिवाळ्यात तर पोरांना बॉल शेवटच्या क्षणी दिसतो, दीड वर्षात तीनदा सांगितलं, अजून तसंच आहे. दोन, आम्ही आलो तेव्हा एका कोर्टावर सहा पोरं होती, आता आठ, कधी नऊ. सरांची प्रत्येक पोराकडं बघायची जी पद्धत आहे ती नऊ पोरांत टिकणार नाही, आणि तीच तर इथली खरी गोष्ट आहे, म्हणून हे मी त्यांना तोंडावर पण बोललेय. तीन, पावसाळ्यात एक मोठी सर आली की दोन दिवस कोर्ट बंद, आपल्याकडं पाऊस कमी म्हणून चालून जातं, पण बुडालेल्या दिवसांची भरपाई कधी मिळते कधी नाही, याचा काहीतरी पक्का नियम पाहिजे.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न राहिला, स्पर्धा तर बहुतेक हार्ड कोर्टवर असतात, मग मातीवर शिकून काय करायचं. मलाही हीच भीती होती. कुमठा नाक्याच्या क्रीडा संकुलात महिलांची आयटीएफ स्पर्धा होती तेव्हा दोघांना घेऊन गेले होते, तिथं बॉल असा सरळ सुटत होता की पोरगी म्हणाली आई मला हे कधी जमणार. सरांना विचारलं तर त्यांनी गोड बोलून समजूत नाही काढली, म्हणाले पहिल्या दोन स्पर्धा हरेल, वेळ कमी मिळतोय हे अंगात उतरायला लागतं. आणि हरली, दोन्ही पहिल्याच फेरीत. तिसऱ्या स्पर्धेच्या आधी दहा दिवस दुसरीकडं हार्ड कोर्ट भाड्यानं घेऊन खेळवलं, तिथं मात्र दोन फेऱ्या जिंकली, आणि जिंकली कशी तर समोरची पोरगी चौथ्या-पाचव्या बॉलला चुकत होती आणि हिला विसाव्या बॉलची सवय. अँडी मरे १५ व्या वर्षी बार्सिलोनाला मातीवर शिकायला गेला आणि पुढं विम्बल्डन दोनदा जिंकला, २०१३ आणि २०१६. आपला सुमित नागल मातीवरचाच खेळाडू म्हणून ओळखला जातो, तरी २०२४ ला ऑस्ट्रेलियन ओपनच्या हार्ड कोर्टवर ३१ व्या मानांकित बुब्लिकला हरवलं. म्हणजे होतं, पण आपोआप होत नाही, स्पर्धेच्या आधी हार्ड कोर्टची सोय वेगळी करावी लागते, तो खर्च धरून चाला. इथं ती सोय नाही, सर ओळखीनं करून देतात.

ट्रायलला जाणार असाल तर सकाळी जा, संध्याकाळी नको. सहाच्या पाच-दहा मिनिटं आधी पोचा, माती ओली असते, वास येत असतो, पोराला बूट काढून एकदा कोर्टावरून चालू द्या, मामा काही म्हणत नाहीत. आणि सरांना पहिल्याच दिवशी विचारू नका की माझं पोरगं कसं खेळतं, चौथ्या दिवशी ते स्वतः येऊन सांगतील.